बाबाचा सुळा

माझ्या बाबाचे सगळे दात खाण्यासाठी आहेत, एक सोडून. उजवीकडचा वरचा सुळा कामासाठी आहे.

जाळं दुरुस्त करायला तो अंगणात बसतो तेव्हा जाळ्याची एक बाजू पायाच्या अंगठ्यात अडकवतो, फाटलेला भाग डाव्या हातात धरतो आणि उजव्या हातातल्या सुईनं नायलॉनच्या दोऱ्याची गाठ मारतो. मग दोऱ्याचं टोक सुळ्याखाली धरायचं आणि मान किंचित मागे खेचायची. गाठ घट्ट होते. तोच दोरा त्याच दातानं कापायचा आणि पुढचं भोक. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून तो हे करतोय आणि आता बहात्तरचा आहे. विहिरीच्या काठाला दोरानं पडते तशी एक बारीक खाच त्या सुळ्याला पडली आहे.

त्यामुळे गेल्या वर्षी थंडीत गावाहून आईचा फोन आला आणि ती फक्त एवढंच म्हणाली, "तुजा बाबा ब्लेड वापरतो," तेव्हा मला पुढचं सांगावं लागलं नाही. मी वहीत लिहिलं: बाबा, दात.

मी काशीमीऱ्याला एका गोदामात माल पाठवण्याचं काम बघते. माझ्या यादीवर खुणा पूर्ण झाल्याशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नाही. हीच सवय घरीही आहे, आणि शांती नगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळे ती सहन करतात. तेव्हा दात म्हटल्यावर मी आधी दाताकडे गेले नाही, कपाटाकडे गेले. तिथे कंपनीच्या विम्याची फाइल होती. आईवडिलांचं नाव त्यात मी हट्टानं घालून घेतलं होतं, दातांच्या उपचारांसहित. त्यासाठी दर महिन्याला पगारातून कापून जातं. आता वसूल करायची वेळ आली, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर थोडा आनंदच झाला.

योजनेच्या यादीत बसणारा जवळचा दवाखाना पूनम सागरला निघाला. जुन्या भाईंदरच्या बाजारात आमच्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई आहेत, माझ्या अक्कलदाढेनं त्यांचा एक अख्खा रविवार खाल्ला होता. पण त्या यादीत नव्हत्या. मी त्यांच्या नावावर काट मारली.

बाबाला घेऊन पूनम सागरच्या दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "प्लान कौनसा है?"

"काय इचारते ती?" बाबानं मला विचारलं.

"आपला प्लॅन कुठला ते."

"मी त दात घेऊन आलोय."

मी त्याला कोपरानं ढोसलं आणि कार्ड पुढे केलं.

डॉक्टर तिशीतला, हसरा, हात हलका. त्यानं आरशातून सुळा पाहिला, थांबला, पुन्हा पाहिला.

"काका, ही खाच कशानं? ब्रश जोरात घासता का?"

"ब्रश कसला रं, नायलॉननं झाली ती."

बाबानं हवेत गाठ मारून दाखवली. डॉक्टरनं मदतनीस मुलीला बोलावून सुळा दाखवला, मोबाइलवर फोटो काढला. बाबा इतका खूश झाला की तोंड मिटायचंच विसरला.

मग डॉक्टरनं मला समजावलं. दाताला चीर गेलीय, आतली नस कुजलीय. पण मूळ भक्कम आहे. रूट कॅनाल करायचं, वरून कॅप बसवायची, दात वाचेल. एवढं स्पष्ट बोलून त्यानं खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली.

"आता तुमच्या प्लॅनमध्ये बघू."

तिथून पुढे तो वेगळाच माणूस झाला. वाईट नाही, पण वेगळा. दात काढायचा असेल तर आजच, मंजुरी लागत नाही. रूट कॅनाल चालेल, पण आधी कंपनीकडून मंजुरी. आणि कॅप? सुळ्यापासून सुळ्यापर्यंतचे पुढचे सहा दात सौंदर्योपचारात धरतात. ते योजनेत नाही.

"सौंदर्य?" बाबा खुर्चीत उठून बसला. "मना बगाला कोन येनार हाय?"

"नियम आहे काका. बरेच जण म्हणूनच काढून टाकतात. एका दिवसात मोकळे."

मला राग यायला हवा होता. पण गोदामात कुठला माल आधी जाणार हे मालावर नाही, दारात उभ्या असलेल्या ट्रकवर ठरतं, हे मी वीस वर्षं पाहतेय. त्यामुळे दात बघून उपचार ठरण्याऐवजी प्लॅन बघून उपचार ठरतोय, हे मला विचित्र वाटलंच नाही. उलट ओळखीचं वाटलं.

"दात काढायचा न्हाय," बाबा म्हणाला. "हा दात गेला त गाठ कशी मारू?"

मुद्दा एवढाच होता आणि त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. तो मी वहीत लिहिला नाही. मी लिहिलं: रूट कॅनाल, मंजुरी अर्ज, दोन फोटो, एक्सरे.

अर्ज मी तिथेच बाकावर बसून भरला. नाव, वय, माझ्याशी नातं. व्यवसाय या रकान्यात चार चौकटी होत्या: नोकरी, व्यापार, गृहिणी, निवृत्त. बाबा बोटीवर जायचा थांबला त्याला दहा वर्षं झाली. मी 'निवृत्त'वर खूण केली. पेन क्षणभरही थांबलं नाही.

मंजुरीला तीन आठवडे लागले. पहिल्यांदा एक्सरे पुसट म्हणून अर्ज परत आला, दुसऱ्यांदा सही निळ्या शाईत नाही म्हणून. तोवर डॉक्टरनं दातात औषध घालून वरून तात्पुरतं बुजवलं होतं. ते दोनदा पडलं.

"काय खाल्लंस?" मी फोनवर विचारायची.

"काय न्हाय. मऊ भात."

मागून आईचा आवाज: "मऊ भाताला गाठ मारत व्हता!"

शेवटी रूट कॅनाल झालं. डॉक्टरनं ते छान केलं, हे सांगायलाच हवं. निघताना त्यानं मला बाजूला घेतलं.

"ताई, आता हा दात वाळक्या काटकीसारखा आहे. महिन्याभरात कॅप बसवा. उभा चिरला तर मग माझ्याही हातात काही नाही, काढावाच लागेल."

"तुमचा स्वतःचा बाबा असता तर?"

"याच आठवड्यात बसवली असती," तो म्हणाला आणि पटकन काउंटरकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण एकदा अपील करून बघा. योजनेच्या पुस्तिकेत पान एकोणीसवर आहे."

कुणी साध्या स्वभावाचं असतं तर त्याच दिवशी पदरचं घालून कॅप बसवून घेतली असती. मला तेवढं परवडत होतं. पण पान एकोणीस म्हटल्यावर माझं डोकं तिकडेच गेलं. हक्काचं सोडायचं कशाला? घरी येऊन चष्मा लावून ते पान वाचलं. दिसण्यासाठी नव्हे तर कामासाठी कॅप गरजेची आहे असं दाखवता आलं तर विचार होऊ शकतो, असं त्यात होतं. मी टाळीच वाजवली. डॉक्टरकडून चिठ्ठी आणली: 'रुग्णाच्या व्यवसायासाठी हा दात आवश्यक आहे.' जोडली, पाठवली, वहीत खूण केली.

महिना संपत आला तेव्हा उत्तर आलं. रुग्ण निवृत्त असल्यामुळे व्यवसायाची गरज लागू होत नाही.

मला हसूच आलं. पुढच्या रविवारी भाईंदर स्टेशनहून बस पकडून गावी गेले आणि अंगणात बसल्या बसल्या बाबाला ते गंमत म्हणून सांगितलं. तो जाळं मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी ब्लेड.

"निवृत्त?" त्यानं सुई खाली ठेवली. "कोनी लिवला?"

"मी. अर्जात चारच चौकटी होत्या बाबा."

"मना इचारलास?"

त्यानं जाळ्याकडे पाहिलं. आईनं दारातून परिस्थिती हलकी करायचा प्रयत्न केला. "अगो बाय, निवृत्त व्हनार असंल त मना बी सांग. मी चाळीस वर्सं वाट बगतंय."

तो हसला नाही. म्हणाला, "निवृत्त मानसाला कोन जाळी देतो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अंगणातल्या खुंट्यांवर एकच जाळं होतं. एरवी या दिवसांत चार-पाच असतात. गावातले बोटवाले आपली जाळी त्याच्याकडे आणतात, ओट्यावर टेकतात, चहा होतो, कुणाच्या इंजिनात काय बिघडलंय ते कळतं. आईनं नंतर स्वयंपाकघरात सांगितलं ते असं: हातानं खेचून गाठ तशी घट्ट होत नव्हती. दोन जाळी त्यानं स्वतःच परत नेऊन दिली. डोळे दुखतात म्हणाला.

डोळे. म्हणजे दाताची गोष्ट त्यानं गावात कुणाला सांगितलीच नव्हती. आणि इकडे मी ती छापील कागदावर चारदा पाठवून बसले होते.

लाज वाटली की मी कामाला लागते, तो माझा स्वभाव आहे. तिथूनच मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी बाबाच्या ओळखीचे, वहीतून डोकं वर काढून म्हणाले, "बोल बाय, दाखला कशाचा? बोटीचा की डिझेलचा?"

"दाताचा."

त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं. मी सगळं सांगितलं. ते ऐकत गेले, मग म्हणाले, "म्हंजे तुजा बाबा काम करतो हे आम्ही लिवून द्याचा? सगळ्या गावाला म्हाईत हाय ते."

"विमा कंपनीला माहीत नाही काका."

"मग बोलव त्यांना. बोंबील खाऊन जातील."

पण दाखला त्यांनी दिला, आणि काय दिला! 'सदर सभासद आजमितीस जाळी दुरुस्तीचे काम नियमित करीत असून त्यासाठी दातांचा वापर करतात.' खाली गोल शिक्का. वाचून मला भरून आलं. मी तो जपून, घडी न घालता घरी आणला. त्याच वाक्यानं आमची नाव बुडवली.

या वेळी उत्तर आठवड्यात आलं. अन्न चावण्याखेरीज दातांच्या इतर वापरामुळे झालेलं नुकसान योजनेत येत नाही.

मी गोदामाच्या मागच्या बाजूला, ट्रकांच्या आवाजापासून जरा लांब उभी राहून हेल्पलाइनला फोन लावला. फोनवरची मुलगी फारच गोड होती.

"मॅम, मैं आपकी बात समझ रही हूँ. पेशंट रिटायर्ड हैं तो कैप कॉस्मेटिक में आएगा."

"वो काम करते हैं. लेटर भेजा है मैंने."

"जी मॅम, लेटर दिख रहा है. काम करते हैं, तो फिर ये दाँत का मिसयूज है."

"आणि मेटलची कॅप बसवली तर? ती तर दिसायला वाईटच असते. मग ती कॉस्मेटिक कशी?" घाईत मी मराठीत बोलून गेले.

तिला कळलं. "मॅम, सामने का दाँत है. मटेरियल कोई भी हो." मग तिला माझी दया आली असावी. "एक्स्ट्रॅक्शन कवर्ड है, मॅम. वो मैं अभी, आपके होल्ड पर रहते हुए, अप्रूव करवा सकती हूँ."

म्हणजे दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर आम्ही पहिल्या दिवशीच्या जागी येऊन पोचलो होतो: दात उपटा, लगेच होईल. त्या मुलीचं काही चुकत नव्हतं. माझ्यासारखीच तीही समोरच्या यादीवर खुणा करत होती. मी तिला "नको" म्हटलं आणि सवयीनं "थँक्यू"ही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबाचा फोन आला. तो स्वतःहून कधीच फोन करत नाही.

"बाय, एक कोपरा निंगाला."

"कशानं?"

"भाकर खात व्हतो."

"खोटा बोलतो!" मागून आई. "दोरा धरला व्हता त्यानं!"

"उभी चीर दिसतेय का बाबा? हलतोय का दात?"

"मना काय म्हाईत? तू म्हनत व्हतीस ना महिन्यात कराचा?" तक्रार नव्हती त्यात, नुसतं विचारणं होतं. मला ते जास्त लागलं.

डॉक्टरनं महिना म्हटलं होतं आणि मी दीड घालवला होता. दात त्याचा, हट्ट माझा, आणि मधे पान एकोणीस. यादीवरच्या तीन ओळी तशाच ठेवून मी गोदामातून निघाले. सहकाऱ्यानं बहुतेक मला ताप आहे असं समजून रिक्षा बोलावून दिली.

या वेळी आम्ही बाजारातल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांच्याकडे काउंटर नाही, एक बाक आहे. आमचा नंबर आल्यावर त्यांनी हात धुतले, बाबाचं तोंड उघडून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"या दातानं तुम्ही करता काय?"

बाबानं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतच पाय वर घेतला. डॉक्टरबाईंनी थांबवलं नाही, उलट दात साफ करायच्या दोऱ्याची गुंडाळी त्याच्या हातात दिली. त्यानं दोरा अंगठ्यात अडकवला, गाठ मारली, आणि फुटक्या सुळ्याऐवजी शेजारच्या दातात धरून मान मागे नेली. त्या वाकून, बाजूनं, खालून बघत राहिल्या. ओढ कुठून येते ते त्यांना बघायचं होतं.

मग एक्सरे काढला. तो हातात येईपर्यंत मी वही उघडलीही नाही. चीर दाताच्या दिसणाऱ्या भागातच थांबली होती, मुळापर्यंत गेली नव्हती.

"नशीब," त्या म्हणाल्या. "अजून एक-दोन आठवडे असेच काढले असते तर गेला असता."

मी त्यांना प्लॅनची सगळी कथा सांगितली. त्यांना नवल वाटलं नाही.

"मीही होते तसल्या यादीत. दात बघायला मी एकटी पुरत होते, कागद भरायला आणखी एक माणूस ठेवायची वेळ आली. आणि हळूहळू मलाच सवय लागली, तोंड उघडायच्या आधी कार्ड बघायची. म्हणून सोडलं." मग बाबाकडे वळून म्हणाल्या, "काका, दोन प्रकार आहेत. दातासारखी कॅप छान दिसेल, पण तुमच्या दोऱ्यानं कपची उडायची भीती. धातूची टिकेल, पण हसलात की दिसेल."

"धातूची."

"दिसेल हां."

"मी हसतो कदी?"

"आणि एक अट. दोरा नुसता धरायचा, हलक्या ओढीनं. कापायचा नाही. कापायला कात्री."

बाबानं यावर बाजारात पापलेटचा भाव करतात तसा भाव केला. बारीक दोरा कापला तर? नाही. आठवड्यातून एकदा? नाही. शेवटी तो "बरा" म्हणाला. त्या "बरा"चा अर्थ मला आणि आईला माहीत आहे, डॉक्टरबाईंना नव्हता.

कॅप बसली. खर्च आम्ही केला, आणि तो वहीत कुठे लिहायचा हे मला सुचलं नाही म्हणून लिहिला नाही.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जाळ्यांची खरी कामं तेव्हाच निघतात. जुलैत गावी गेले तर अंगणावर ताडपत्री आणि खाली पाच जाळी. परत दिलेली दोन जाळी बाबा स्वतः जाऊन मागून घेऊन आला होता. डोळे कसे बरे झाले असं कुणी विचारलं, तर तो तोंड उघडून सुळा दाखवतो, असं आई म्हणाली. गावात आता कॅप बघायलाच लोक येतात. म्हणजे सौंदर्योपचारच झाला म्हणायचा.

माझ्या पर्समध्ये नव्या वर्षाचा विम्याचा अर्ज होता. तो मी ओट्यावर बसून भरायला घेतला. नाव, वय, नातं. व्यवसायाच्या रकान्याशी आले आणि पेन थांबलं.

"बाबा, काय लिहू?"

त्याच्या तोंडात दोरा होता. त्यानं हात वर करून मला थांबवलं. दोरा सुळ्याखाली नीट बसवला, मान किंचित मागे नेली. गाठ आवळली गेली. त्यानं ती नखानं चाचपून पाहिली, मग दोरा सोडला.

"लिव. जाळी बांधतो."

यंदाही चौकटी चारच होत्या. मी चारही सोडून शेजारच्या कोऱ्या जागेत ते दोन शब्द लिहिले. अक्षरं रकान्याबाहेर गेली. अर्ज परत येईल हे मला माहीत होतं, आणि तो परत आलाही.

त्या दिवशी निघताना पाहिलं, तर भिंतीवरच्या खिळ्याला नवी कात्री टांगलेली होती. तिच्यावरचं दुकानाचं स्टिकर अजून निघालेलं नव्हतं.